कर्करोगाच्या निदानात मास्ट पेशींची साक्ष

तोंडातील जखम भरून येत नसेल, तर तिचा तुकडा काढून तपासावा, असे डॉक्टर सुचवितात. या सल्ल्यास घरातून बहुधा विरोध होतो. सुरी लागली की रोग पसरतो, हा समज त्याच्या मुळाशी असतो. रक्ताच्या एखाद्या तपासणीने भागणार नाही काय, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मास्ट पेशींच्या वृत्तान्तातून चांगले उलगडते.

मास्ट पेशी आपल्या शरीरातील नेहमीच्याच रहिवासी होत. त्वचेत, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरालगत आणि रक्तवाहिन्यांच्या आसपास त्या आढळतात. पॉल एर्लिख या तरुण जर्मन संशोधकाने १८७८ मध्ये लाइपझिग येथील आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. कापड रंगविण्यासाठी त्या काळी प्रचारात आलेले ॲनिलीन रंग त्यांनी शरीराच्या ऊतींवर वापरून पाहिले, तेव्हा काही पेशींतील कण मूळ रंगाहून वेगळ्याच छटेत उठून दिसले. टोल्युइडीन ब्लू हा रंग निळा. परंतु मास्ट पेशींचे कण त्यात जांभळे होतात. कणांनी गच्च भरलेली ही पेशी खाऊन पोसली असावी, असे वाटून एर्लिख यांनी तशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून तिचे नामकरण केले. कल्पना चुकीची ठरली, नाव मात्र टिकले. ते कण अन्नाचे नसून हिस्टामीन, हेपॅरिन, ट्रिप्टेज अशा प्रभावी द्रव्यांची कोठारे आहेत. अंगावर पित्त उठते तेव्हाची खाज व गांधी ही बव्हंशी हिस्टामीनची करणी.

कर्करोगाच्या गाठीभोवती या पेशी जमतात, हे एर्लिख यांचे शिष्य वेस्टफाल यांनी १८९१ मध्येच नोंदविले. त्यांच्या द्रव्यांमुळे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्यास चालना मिळते आणि गाठीचे पोषण होते. उलट काही कर्करोगांत त्यांची अधिक संख्या रुग्णास हितकारक असल्याचेही आढळले आहे. तोंडाच्या कर्करोगात तर कोणास त्या वाढलेल्या दिसल्या, कोणास घटलेल्या. शिवाय साध्या दाहातही त्या वाढतात. सबब, केवळ मास्ट पेशी मोजून तोंडाच्या कर्करोगाचे निदान होत नाही. आणि अहवालात त्यांचा उल्लेख आला म्हणून धास्तावण्याचेही कारण नाही.

मास्टोसायटोसिस या विरळा विकारात मात्र त्यांची साक्ष निर्णायक असते, कारण तेथे मास्ट पेशीच बेसुमार वाढतात. अस्थिमज्जेच्या तुकड्यात १५ वा अधिक मास्ट पेशींचे दाट पुंजके अनेक ठिकाणी दिसणे, हा त्याच्या सर्वांगव्यापी प्रकाराचा जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेला मुख्य निकष होय. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून अधिक ट्रिप्टेज असणे, हा गौण निकषांपैकी एक. म्हणजे ज्या रोगात रक्ततपासणीला एवढे मोल आहे, तेथेही तुकड्याला अग्रमान आहे.

तोंडाच्या जखमेचा तुकडा लहानसा असतो; तो जागा बधिर करून काढतात. पेशींची ठेवण बिघडली आहे काय आणि त्या अस्तराची सीमा ओलांडून खोल शिरल्या आहेत काय, हे त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. रक्ताच्या थेंबात ते दिसत नाही. अशा तपासणीने रोग पसरतो, या समजास आधार नाही. तुकडा देण्याचे टाळण्यात गेलेल्या महिन्यांत मात्र रोग वाढत राहतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, अथवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास, विशेषतः तंबाखू वा सुपारी खाणाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून पुढील रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी.