गोळीतलं संप्रेरक आणि तळ्यातले मासे

कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताच्या वायव्येला जंगलातली कित्येक छोटी तळी फक्त संशोधनासाठी राखून ठेवलेली आहेत. त्यांतल्या '२६०' क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं गेलं. प्रमाण लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम. शहरी सांडपाण्यात आढळतं त्याच्या आसपासचं! फॅटहेड मिनो या बोटभर माशाच्या नरांत अंड्यातली प्रथिनं तयार होऊ लागली, काहींच्या वृषणांत चक्क अंडी दिसली. मिनोचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. त्यामुळे वीण फसताच ते जवळजवळ नाहीसे झाले. मग त्यांच्यावर जगणारे ट्राउटही घटले, थेट विषबाधेने नव्हे, उपासमारीने. संप्रेरक थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परतले.