टेबल सॉवर आडवं कापताना लाकूड गुण्यात येईना? सरकता पाट घरीच बनवा

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या सुतारकामाच्या शेडमध्ये हल्ली दहा इंची पात्याचं टेबल सॉ दिसतं. कुणाकडे कंपनीचं, कुणाकडे लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर मोटर बसवून वेल्डरकडून करून घेतलेलं. उभी कापणी, म्हणजे फळी लांबीत चिरणं, या मशीनवर छान होतं. अडचण येते ती आडव्या कापणीत. दाराचं आडवं लाकूड, कपाटाचा कप्पा, देवघराची बाजू ही कामं काटकोनात म्हणजे गुण्यात यायला लागतात. आमच्याकडचे कन्नड कारागीर ‘मूलेमट्ट’ म्हणतात तोच हा गुण्या. दोन फुटी कप्प्याला एका टोकाला एक सूत फरक पडला तर कपाटाचं दार लागत नाही. गोव्यातल्या गिऱ्हाइकाकडे माल पोचल्यावर हे कळलं तर चोर्ला घाटातून परत फेरी आली. त्या फेरीचं डिझेल आणि दिवसाची मजुरी कुठल्या खात्यात घालायची, हा प्रश्न मी कॉमर्सवाला असूनही मला सुटत नाही.

बोटांचा प्रश्न तर त्याहून मोठा. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर त्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर येत असतात. कापताना लाकूड जरा तिरकं झालं आणि मागच्या दातांना टेकलं की पातं ते उचलतं आणि थेट आपल्या अंगावर फेकतं. यालाच किक बॅक म्हणतात. लाकूड छातीवर बसतं ते वेगळंच, पण त्या झटक्यात हात पात्याकडे ओढला जातो, खरी भीती त्याची.

मशीनबरोबर एक छोटा मायटर गेज येतो. त्याचं तोंड वीतभर असतं. तीन फुटी फळी त्याला टेकवून ढकलली की बाहेरचं टोक मागं राहतं आणि काप तिरका येतो. मग काही जण आधाराला दुसऱ्या बाजूची लांब पट्टी, म्हणजे रिप फेन्स, पण लावून ठेवतात. हे अजिबात करू नका. कापलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो आणि उडतो.

यावरचा उपाय म्हणजे सरकता पाट. सुतार लोक स्लेड म्हणतात. एक प्लायचा पाट, त्याखाली टेबलाच्या खाचेत बसणाऱ्या दोन पट्ट्या, वर पुढं-मागं दोन आडपट्ट्या, एवढंच. लाकूड पाटावर ठेवायचं आणि अख्खा पाट पात्यावरून सरकवायचा. लाकूड टेबलावर घासत नाही, त्यामुळं हलत नाही. कापलेला तुकडाही पाटावरच बसून पुढं जातो, अडकायला जागाच उरत नाही. शिवाय पाटात पात्याच्या जाडीएवढीच चीर असल्यानं प्लायचा खालचा थर उचकटत नाही, सनमायकाच्या कपच्या कमी निघतात. हेच काम करणारी सरकत्या टेबलाची मोठी मशीन लाखांत जाते. पाटाला ३० बाय २४ इंच प्लाय लागतो, म्हणजे आठ बाय चारच्या शीटचा साधारण सहावा हिस्सा. बाकी सगळं शेडमधल्या तुकड्यांत भागतं.

आधी मशीन तपासा. प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करा. तो दात पुढं आणून खाचेपासून अंतर मोजा, मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं नेऊन परत मोजा. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर पातं खाचेला समांतर नाही. ते टेबलाखालचे बोल्ट सैल करून आधी नीट करायला पाहिजे. हे न करता कितीही भारी पाट बनवला तरी काप जळका आणि तिरकाच येणार.

पाटाला १२ एमएमचा सपाट प्लाय घ्या. १८ एमएम दणकट, पण दहा इंची पातं टेबलाच्या वर जेमतेम तीन इंच येतं, त्यातली जाडी पाटच खाऊन टाकतो. वाकलेला प्लाय नको. दोन प्लाय एकमेकांवर ठेवून उजेडात फट बघा, कळतंय लगेच.

खालच्या पट्ट्या हा या कामाचा जीव आहे. बऱ्याच मशीनची खाच पाऊण इंच रुंद आणि तीन सूत खोल असते, पण तुमची मोजूनच घ्या. पट्टी खाचेत हाताच्या दाबानं सरकली पाहिजे आणि बाजूला हलता कामा नये. सागवान असेल तर उत्तम, कारण ते दमटपणाला कमी फुगतं. त्यातही फळी कशी कापली आहे ते बघा. लाकूड वर्तुळांच्या दिशेनं जेवढं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. म्हणून आडव्या ठेवलेल्या पट्टीच्या टोकाकडून बघितलं तर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ज्यांची शेड आहे त्यांना हे जास्त सांगायला नको. मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा पाट जुलैत जागचा हलत नाही. ज्यांना ही कटकटच नको त्यांनी नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून मापात करून घ्यावी.

पट्टीची उंची खाचेच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर पाट टेबलावर न टेकता पट्टीवर डुलत राहील. चिकटवताना खाचेत नाणी टाका आणि त्यावर पट्ट्या ठेवा, म्हणजे त्या टेबलाच्या केसभर वर येतात. पट्ट्यांवर फेविकॉलची बारीक धार सोडा, पाटाची एक कड रिप फेन्सला टेकवून पाट वरून अलगद ठेवा, वजन ठेवून वाळू द्या. मग उलटा करून स्क्रू मारा. स्क्रूच्या आधी भोक पाडायलाच पाहिजे. तसंच पिळलं की पट्टी स्क्रूजवळ फुगते आणि तिथंच अडकते. अडकलीच तर पट्टीच्या बाजूंवर पेन्सिल घासा, पाट चार वेळा सरकवा. जिथं पेन्सिल चमकते तिथं घासतंय, तेवढंच पॉलिश पेपरनं कमी करा. शेवटी मेणबत्ती घासायची. तेल-ग्रीस नको, त्यात भुसा बसतो आणि लाकडाला डाग पडले की पॉलिश धरत नाही.

ज्यांच्या घरगुती मशीनला खाचच नाही त्यांनी निराश होऊ नये. टेबलाच्या डाव्या-उजव्या कडांना बाहेरून धरतील अशा दोन पट्ट्या पाटाखाली लावता येतात. अट एकच, त्या कडा पात्याला समांतर पाहिजेत. वेल्डिंगच्या सांगाड्यात त्या क्वचितच समांतर असतात. मग एका बाजूला अॅल्युमिनियमचा सरळ चॅनल पात्याशी मापून बसवायचा आणि तेवढ्यावरच पाट चालवायचा. दुसरी बाजू नुसती टेकली तरी चालते.

आता आडपट्ट्या. १८ एमएमचे दोन प्लाय एकावर एक चिकटवून तीन-चार इंच उंचीच्या दोन पट्ट्या करा, मध्यभागी उंची आणखी जास्त ठेवा. पातं पाटाला जवळजवळ दोन भागांत चिरतं, त्याला धरून ठेवतात त्या याच दोन पट्ट्या. पलीकडची पट्टी फक्त आधाराला, ती थोडी तिरकी बसली तरी बिघडत नाही. आपल्या बाजूची पट्टी मात्र ओळंब्यासारखी सरळ पाहिजे, लाकूड तिलाच टेकणार. तिच्या खालच्या आतल्या कडेला रंधा मारून बारीक उतार द्या. कोपऱ्यात साठलेला भुसा त्या फटीत जातो, नाहीतर तोच भुसा लाकडाला पट्टीपासून ढकलतो. स्क्रू पाटाच्या खालून मारायचे, डोकी लाकडात बुडवून. पात्याच्या रेषेत एकही स्क्रू येऊ देऊ नका.

आधी पलीकडची पट्टी बसवा. पातं वर काढून पाटाला आपल्या दिशेनं साधारण पाऊण लांबीपर्यंत चीर पाडा. मशीन बंद करून आपल्याकडची पट्टी डाव्या टोकाला एकाच स्क्रूवर लावा, म्हणजे ती त्या स्क्रूभोवती फिरेल. चिरेला गुण्या लावून पट्टी जुळवा आणि उजव्या टोकाला दुसरा स्क्रू मारा. बहुतेक जण इथंच थांबतात. पण बाजारातला साधा गुण्या स्वतःच किती खरा, हा प्रश्न उरतोच.

म्हणून पाच कापांची चाचणी करायची. साधारण ४०० एमएम चौरस प्लायचा तुकडा घ्या. तो पात्याच्या डावीकडे ठेवून उजवी कड थोडीशी कापा. नुकतीच कापलेली कड पट्टीला टेकेल असा तुकडा घड्याळाच्या दिशेनं फिरवा आणि परत कापा. असे चार काप झाले की पाचव्यांदा पहिल्याच बाजूची वीसेक एमएम रुंद पट्टी कापून काढा. उचलण्याआधी तिच्या आपल्याकडच्या टोकावर खूण करा. दोन्ही टोकांची रुंदी व्हर्निअरनं मोजा. प्रत्येक कापातली चूक मागच्या चुकीत मिळत गेल्यानं ती इथं चौपट होऊन दिसते. म्हणून फरकाला चारानं भागायचं.

समजा आपल्याकडचं टोक २०.४ एमएम आणि पलीकडचं २०.० आलं. फरक ०.४, चारानं भागून ०.१. म्हणजे ४०० एमएम लांबीत ०.१ एमएमची चूक. डाव्या स्क्रूपासून उजव्या स्क्रूपर्यंत ६०० एमएम असेल तर उजवं टोक त्याच प्रमाणात, म्हणजे ०.१५ एमएम हलवायचं. हिशेब त्रैराशिकाचा, सातवीतला. दिशा अशी लक्षात ठेवा: आपल्याकडचं टोक रुंद असेल तर पट्टीचं उजवं टोक आपल्याकडे ओढायचं, पलीकडचं रुंद असेल तर पलीकडे ढकलायचं.

०.१५ एमएम हातानं कसं हलवणार? मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला फिलर गेजची पानं असतात, ती आणा. पट्टी पलीकडे ढकलायची असेल तर तिच्या उजव्या टोकामागं, आपल्या बाजूनं, लाकडाचा ठोकळा टेकवून क्लॅम्प करा. उजवा स्क्रू काढा, ठोकळा आणि पट्टीच्या मध्ये ०.१५चं पान सरकवा आणि नवीन जागी भोक पाडून स्क्रू मारा. जुन्या भोकात मारला तर पट्टी जुन्याच जागी जाते. आपल्याकडे ओढायची असेल तर उलटं: पान मध्ये धरूनच ठोकळा क्लॅम्प करायचा, मग पान काढून पट्टी ठोकळ्याला भिडवायची. चाचणी परत घ्या. चारशे एमएममध्ये ०.०५ च्या आत आलं की बाकीचे स्क्रू मारून मोकळे व्हा. त्याहून खाली जाण्यात कपाटाच्या कामाला अर्थ नाही. लाकूड एका रात्रीच्या हवेनं त्याहून जास्त हलतं.

आता जे बरेच जण शेवटी टाकतात आणि मग राहूनच जातं ते. काप पूर्ण झाला की पातं आपल्याकडच्या पट्टीतून बाहेर येतं, नेमकं जिथं आपण अंगठे टेकवलेले असतात तिथं. त्या जागी पट्टीच्या मागं किमान तीन इंच जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवा आणि लाल रंग द्या. पातं त्या ठोकळ्याच्या आतच राहील अशा जागी पाट थांबवणारा अडसर टेबलाला बोल्टनं बसवा. पाट वापरताना मशीनचं मूळ गार्ड काढावं लागतं, म्हणून दोन्ही पट्ट्यांवर पात्याच्या रेषेत पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी लावून घ्या. पातं लाकडाच्या वर दोन-तीन सूतच ठेवायचं. हात पात्यापासून वीतभर लांब. हातमोजे, लांब बाही, मनगटातला दोरा काही नको. अगदी छोटा तुकडा बोटांनी धरू नका, क्लॅम्पनं पट्टीला आवळा. काप झाला की पातं थांबेपर्यंत तुकडा उचलायचा नाही.

एकाच मापाचे वीस तुकडे काढायचे असतील तर आपल्याकडच्या पट्टीवर एका बाजूला ठोकळा आवळून माप धरा. दुसरी बाजू मोकळीच पाहिजे. दोन्हीकडे ठोकळे लावले की परत तोच अडकण्याचा धोका. पातं ६० दातांचं टीसीटी घ्या. चिरायच्या २४ दाती पात्यानं आडवा काप खरबरीत येतो.

अख्खी शीट, वाकडी फळी किंवा गोल लाकूड या पाटावर कापू नये. आणि पावसाळ्यात पाट जमिनीवर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, वाकतो. दोन खिळ्यांवर भिंतीला सपाट टांगा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की दिवाळीच्या ऑर्डरी कापायच्या आधी एक टाकाऊ प्लाय घेऊन पाच काप परत करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.