संदेशाचा वेग

इ. स. १८५८ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांस एक संदेश पाठविला. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी नुकतीच तार टाकण्यात आली होती. संदेश अवघा ९८ शब्दांचा होता. तरी तो पलीकडे पोहोचविण्यास सुमारे १६ तास लागले. विजेचा संकेत तर काही क्षणांतच महासागर ओलांडी. मग एवढा विलंब का व्हावा?

त्याचे कारण असे की, इतक्या लांब तारेत सोडलेला विजेचा ठोका दुसऱ्या टोकाशी पसरट व क्षीण होऊन निघे. तो ओसरण्यापूर्वी दुसरा ठोका सोडला, तर दोन्ही एकमेकांत मिसळत आणि अक्षर ओळखता येत नसे. म्हणून प्रत्येक ठोका सावकाश द्यावा लागे. ही तार काही आठवड्यांतच निकामी झाली. पुढे १८६६ साली अधिक जाड तांब्याची तार टाकली, तेव्हा मिनिटास सुमारे ८ शब्द जाऊ लागले.

संगणकाच्या जोडणीचा वेगही असाच मोजतात. संकेत किती त्वरेने धावतो हे त्यात पाहत नाहीत. एका सेकंदात किती खुणा स्पष्टपणे पोहोचतात, हे पाहतात. या सामर्थ्यास ‘बँडविड्थ’ म्हणतात. शून्य किंवा एक ही संगणकाची सर्वांत लहान खूण म्हणजे ‘बिट’ होय. आठ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. जोडणीचा वेग बिटांत सांगतात, तर चित्राचा अथवा ध्वनिमुद्रणाचा आकार बाइटांत. म्हणून सेकंदास ८० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून ८० मेगाबाइटांचे चित्र येण्यास एक नव्हे, तर निदान ८ सेकंद लागतात. घरातील चौघे एकाच वेळी ती जोडणी वापरू लागले, तर हा वेग त्यांच्यात वाटला जातो.

प्रवासास लागणारा काळ ही मात्र निराळी गोष्ट होय. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, एकाच जागी स्थिर भासणारे उपग्रह असतात. त्यांच्यामार्फत पाठविलेला संकेत वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. बँडविड्थ कितीही वाढविली, तरी हा काळ घटत नाही. कारण प्रकाशाहून अधिक वेगाने कोणताही संकेत धावू शकत नाही.

तेव्हा जोडणी मंद वाटली, तर मार्ग अरुंद आहे की लांब आहे, हे प्रथम पाहावे. अरुंद मार्ग रुंद करता येतो. लांब मार्गास जवळची वाटच शोधावी लागते.