खिशातील दोन यंत्रांच्या जागी एक स्मार्टफोन : सोय आणि सावधगिरी



वीस वर्षांपूर्वी कामाच्या व्यापात असलेल्या पुष्कळ माणसांच्या खिशात दोन यंत्रे असत. एका खिशात मोबाइल आणि दुसऱ्या खिशात ‘डिजिटल डायरी’ किंवा ‘ऑर्गनायझर’. मोबाइल बोलण्यासाठी आणि डायरी लक्षात ठेवण्यासाठी. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि आमच्यासारखे काही धर्मगुरूही अशी दुहेरी कसरत करीत असत. पुढे ही दोन यंत्रे एका स्मार्टफोनमध्ये विलीन झाली. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक ज्येष्ठ मंडळी, साधा बटनांचा फोन आणि कागदी डायरी सांभाळणारी, मुलांच्या आग्रहास्तव स्मार्टफोनकडे वळत आहेत. ‘फादर, सगळे एकाच यंत्रात ठेवणे बरे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार येतो. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

एक चुकलेला शुक्रवार

आरंभी स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. २००५ सालच्या सुमारास मी चार-पाच दिवस इंदापूर तालुक्यातील कुटुंबांना भेटी देत होतो. ग्रामीण भागात भारनियमनाचे तास मोठे होते. माझ्या झब्ब्याच्या खिशातील डिजिटल डायरीची बॅटरी पूर्ण उतरली. पुन्हा वीज मिळाल्यावर यंत्र सुरू झाले, परंतु ते कोऱ्या पाटीसारखे झाले होते. पत्ते, वेळा, कामांची यादी, सर्व काही पुसले गेले होते. संगणकावर प्रत होती, पण ती तीन आठवड्यांपूर्वीची.

त्या पुसलेल्या नोंदींत एक शब्द दिलेला होता. भिगवणच्या बाजूच्या एका वस्तीवरील आजारी आजोबांना शुक्रवारी सकाळी ख्रिस्तशरीर घेऊन येतो, असे मी सांगितले होते. मी गेलो नाही. ते पहाटेच अंघोळ करून, काही न खाता, दुपारपर्यंत खाटेवर बसून होते, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळले. मी गेलो तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, ‘फादर, इसरलात व्हय?’ यंत्राला दोष देण्याचा धीर मला झाला नाही. दोष माझा होता, कारण ते यंत्र कसे चालते हे मी कधी समजून घेतलेच नव्हते.

दोन यंत्रे वेगळी का होती?

त्या काळच्या बहुतेक हातातील डायऱ्यांत नोंदी अशा स्मृतीत साठवल्या जात, जी वीज असेपर्यंतच टिकते. बॅटरी संपली की नोंदी संपल्या. म्हणूनच यंत्र संगणकाला जोडून रोज प्रत घेणे हा त्याच्या वापराचा अविभाज्य भाग होता. वीज गेली तरी टिकणारी स्मृती अशा यंत्रांत साधारण २००४-०५ पासून येऊ लागली.

हातातील डायरीचा इतिहास मोबाइलला समांतर चालला. इंग्लंडच्या सायॉन कंपनीने १९८४ साली आपला ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणला. १९९३ मध्ये ॲपलचे ‘न्यूटन’ आले, पण ते मोठे आणि महाग होते. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती १९९६ साली आलेल्या ‘पाम पायलट’ने. त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनविण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा तयार केला आणि तो खिशात घेऊन ते वावरू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत. यंत्र खिशात मावते का आणि मनुष्य ते खरोखर बाहेर काढतो का, हे त्यांना पाहायचे होते. पाम पायलटमध्ये मुख्यतः चारच गोष्टी होत्या : दिनदर्शिका, पत्त्यांची वही, कामांची यादी आणि टिपणे. दोन छोट्या सेलवर ते कित्येक आठवडे चाले.

याउलट मोबाइलला टॉवरशी सतत संपर्क ठेवावा लागतो, म्हणून त्याला वीज अधिक लागते. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आरंभी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले आणि त्यानंतर मोबाइल सामान्य माणसाच्या हाती वेगाने आला. पण त्या फोनच्या सिमकार्डात फक्त नाव आणि क्रमांक मावे, तेही शे-दोनशेच. पत्ता, वाढदिवस, भेटीची वेळ यांसाठी डायरी लागेच. मग डायरीत क्रमांक शोधायचा, डोळ्यांनी वाचायचा आणि बोटांनी मोबाइलवर दाबायचा. एखाद्याचा क्रमांक बदलला की दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. ती एका ठिकाणी राहून गेली, तर नेमका जुना क्रमांक अडचणीच्या वेळी हाती येई.

मराठी माणसाची आणखी एक अडचण होती. त्या यंत्रांवरील हस्तलेखनाची पद्धत रोमन अक्षरांचीच होती. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावे त्यात एकसारखीच दिसत. आपल्या ‘ळ’ला तिथे जागा नव्हती.

विलीनीकरण कसे झाले?

दोन्ही कामे एका यंत्रात आणण्याचा विचार जुनाच आहे. १९९४ साली अमेरिकेत आयबीएमचा ‘सायमन’ विक्रीस आला. त्याला स्पर्शपडदा होता, दिनदर्शिका होती, फॅक्सही पाठविता येई. परंतु त्याचे वजन सुमारे अर्धा किलो होते आणि बोलू लागल्यावर तासाभरात बॅटरी संपे. १९९६ मध्ये नोकियाचा ‘कम्युनिकेटर’ आला. २००३ सालच्या ‘ट्रिओ ६००’मध्ये पामची डायरी आणि फोन यांचा चांगला मेळ जमला. पत्त्यांच्या वहीतील नावावर टिचकी मारली की थेट फोन लागे. २००७ साली आयफोन आला, २००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला आणि स्वतंत्र डायरीचे दिवस भरले. ज्या पाम कंपनीने हे क्षेत्र उभे केले, ती २०१० साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्या देशातही एक स्वतंत्र प्रयत्न झाला, हे विसरता कामा नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी ‘सिम्प्युटर’ हा हातातील संगणक घडविला. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा, तो भारतीय भाषांत बोलावा, ही त्यामागची दृष्टी होती. २००४ साली तो ‘अमिडा’ या नावाने बाजारात आला, पण अपेक्षेइतका खपला नाही. मोबाइलने त्याची जागा आधीच व्यापली होती.

आपल्या भागातील उदाहरणे

जुन्या साधनाच्या जागी मोबाइल आल्याचे उदाहरण ऊस उत्पादकांच्या जवळचे आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत १९९८ साली वारणा सहकारी समूहाने गावोगावी संगणक केंद्रे उभारली. उसाचे वजन, तोडणीचा परवाना, खताचा हिशेब शेतकऱ्याला गावातच कळावा, हा हेतू होता. काही वर्षांनी असे दिसून आले की बहुतेक लोक संगणकाचा उपयोग या मोजक्याच माहितीसाठी करतात. म्हणून २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील एसएमएसने तेच काम करून पाहिले. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही ते सोयीचे वाटले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ पासून उसावर जो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला, त्यातही जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांचे सार शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवरच उतरते.

मात्र दुसरी बाजूही आहे. २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांना, अनेक रजिस्टरांचे ओझे कमी व्हावे म्हणून, स्मार्टफोन देण्यात आले. कल्पना चांगली होती. परंतु ते फोन कमी क्षमतेचे होते. ते तापत आणि अडत. २०२१ साली आलेल्या नव्या ॲपमध्ये इंग्रजीत नोंद करावी लागे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ‘मोबाइल वापसी’ आंदोलन करून ते फोन शासनाला परत केले. ज्या बाईने वर्षानुवर्षे गावातील प्रत्येक बाळाचे वजन सुवाच्य मराठीत लिहून ठेवले, तिला नवे यंत्र नको होते असे नाही. तिला चालणारे आणि तिच्या भाषेतील यंत्र हवे होते.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. अनेकांच्या जागी एक साधन तेव्हाच हिताचे ठरते, जेव्हा ते एक साधन पुरेसे सक्षम असते आणि वापरणाऱ्याला ते समजलेले असते.

बदल करताना काय करावे?

पहिली गोष्ट, नावे कुठे साठविली जातात ते पाहावे. फोनमध्ये नाव भरताना ते सिमकार्डात, फोनमध्ये किंवा आपल्या ई-मेल खात्यात साठविण्याचा पर्याय असतो. सिममधील नाव सिमबरोबर जाते, फोनमधील नाव फोनबरोबर जाते. खात्यातील नाव मात्र नव्या फोनवर पुन्हा मिळते. ‘माझा फोन हरवला, सर्वांनी आपले क्रमांक पाठवा’ असा निरोप धाडणाऱ्यांची नावे बहुधा खात्यात नसतात. खात्याचा पासवर्ड मात्र स्मरणात किंवा घरातील सुरक्षित वहीत असावा, नाहीतर पेटी आहे आणि किल्ली नाही, अशी अवस्था होते.

दुसरी गोष्ट, नावे एकाच लिपीत भरावीत. काही मराठीत, काही इंग्रजीत भरली की यादीचे दोन तुकडे होतात आणि एकच व्यक्ती दोनदा दिसते. आता ‘ळ’ची अडचण उरलेली नाही, तेव्हा मराठीतच भरायला हरकत नाही. आडनावाबरोबर गावाचे नावही लिहावे.

तिसरी गोष्ट, जुनी डायरी लगेच टाकू नये. निदान दोन महिने दोन्ही चालवावीत. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि घरातील निधन पावलेल्यांचे स्मृतिदिन ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडून एकदाच भरले की पुन्हा भरावे लागत नाहीत.

चौथी गोष्ट, फोनला पडद्याचे कुलूप असावे. पूर्वी डायरी हरवली तर पत्ते जात. आज फोन हरवला तर बँकेचे व्यवहार, ओटीपी आणि इतरांनी विश्वासाने कळविलेल्या गोष्टीही परक्याच्या हाती पडू शकतात. ज्यांच्याकडे इतरांची खासगी माहिती असते, त्या शिक्षकांनी, परिचारिकांनी, पतपेढीच्या चिटणिसांनी आणि आम्हा धर्मगुरूंनी याचे भान विशेषत्वाने ठेवावे. कोणी मन मोकळे करून सांगितलेले दुःख फोनमध्ये टिपून ठेवण्याची गरज नसते.

पाचवी गोष्ट, प्रत्येक फोनला पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. फोनवर *#०६# दाबले की तो पडद्यावर दिसतो. तो कागदावर लिहून ठेवावा. फोन चोरीस गेल्यास प्रथम सिम बंद करून नवे घ्यावे, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या २०२३ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर तो क्रमांक देऊन फोन बंद करवून घ्यावा. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कागदाचा एक तुकडा

आता ज्येष्ठांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. सगळे एकाच यंत्रात ठेवणे बरे का? होय, बरे आहे. एकदाच लिहावे लागते, एकदाच दुरुस्त करावे लागते, आणि प्रत आपोआप घेतली जाते. दोन यंत्रे होती तेव्हा एक बिघडले तरी दुसरे असे. आता एकच असल्यामुळे ते बंद पडले की माणूस एकदम निराधार होतो. एसटीच्या प्रवासात फोन बंद पडला आणि स्वतःच्या मुलाचाही क्रमांक पाठ नाही, असे प्रसंग आपण पाहतो.

म्हणून पाकिटात कागदाचा एक तुकडा असू द्यावा. त्यावर घरच्यांचे, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे असे आठ-दहा क्रमांक, तसेच आपला रक्तगट व नियमित औषधे लिहिलेली असावीत. त्याला वीज लागत नाही.

मीही असा तुकडा ठेवतो. भेटींच्या सर्व वेळा माझ्या फोनमध्ये आहेत आणि फोन मला वेळेवर आठवणही करतो. परंतु आजाऱ्यांना दिलेले शब्द मी त्या कागदावरही लिहितो आणि दर गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी तो उघडून वाचतो. ते आजोबा आज हयात नाहीत. त्यांच्या सुनेचा क्रमांक मात्र फोनमध्ये आहे, आणि तिच्याकडे जायचे ठरले की ती वेळ कागदावरही लिहिलेली असते.