वयनिश्चिती, न्यायवैद्यकीय

जन्माचा विश्वसनीय लेखी पुरावा नसलेल्या व्यक्तीचे वय शरीर, दात व हाडे यांच्या तपासणीवरून अंदाजाने ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. व्यक्तीने चौदा किंवा अठरा वर्षे पूर्ण केली आहेत किंवा नाहीत, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी मुख्यतः तिचा अवलंब करतात.

स्थलांतरित मुलांच्या बाबतीत ही गरज विशेष भासते. धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब या अवर्षणप्रवण तालुक्यांतून मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. बरोबर गेलेल्या मुलांची शाळा मध्येच सुटते. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्माची नोंद जन्मस्थळीच करावयाची असल्याने फडावर जन्मलेल्या मुलाची नोंद परजिल्ह्यात राहते किंवा होतच नाही. पुढे बालमजुरी, बालविवाह वा गुन्हा यांसंबंधी प्रकरण उद्‌भवल्यास वयाचा वाद निर्माण होतो. यूरोपात एकट्याने आश्रय मागणाऱ्या तरुणांबाबतही हाच प्रश्न येतो.

पद्धती : उंची, वजन व यौवनाची लक्षणे पाहून दातांची तपासणी करतात. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर केव्हाही येते. काहींत ती येतच नाही. क्ष-किरण चित्रांत मनगट, कोपर, खांदा व कटी येथील हाडांची टोके दांड्यांशी कितपत जुळली आहेत, हे पाहतात. मुलींत ही जुळणी मुलांच्या आधी होते. जत्रुकाचे (गळ्याजवळील हाडाचे) आतील टोक सर्वांत उशिरा, बहुधा विशीनंतर, पूर्ण जुळते.

मर्यादा : हाडांवरून कळते ती वाढीची अवस्था, जन्मतारीख नव्हे. ग्रॉइलिख व पाइल यांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह (१९५०) अमेरिकेतील सुस्थितीतील मुलांवर आधारलेला आहे. कुपोषणाने हाडांची वाढ मंदावते व वय कमी भासते. उलट, कष्टाने राठ झालेल्या हातांमुळे मूल थोर वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला प्रकरणात क्ष-किरण तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असे मानले.

कायदा : बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला ग्राह्य धरतात. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी करवितात. ती आदेशापासून पंधरा दिवसांत पुरी करावी लागते.

तज्ज्ञाचे स्थान : तज्ज्ञाने एकच आकडा न देता वयाची मर्यादा, तिची कारणे व संभाव्य चूक नमूद करणे आवश्यक असते. ‘सतरा ते एकोणीस’ या अहवालातील कोणते टोक स्वीकारावे, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. आरोपी स्वतः अल्पवयीन असल्याचा दावा असेल, तर संशयाचा फायदा त्याला खालच्या टोकाने मिळू शकतो. लैंगिक गुन्ह्यात पीडित मुलीचे वय वादग्रस्त असेल, तर तोच फायदा वरच्या टोकाने आरोपीकडे जाऊ शकतो. ज्या मुलीच्या संरक्षणासाठी कायदा केला, तिला दाखल्याअभावी तो अपुरा पडतो. म्हणून तज्ज्ञाचे मत हा शेवटचा उपाय ठरतो. वेळेवर झालेली जन्मनोंद व शाळेच्या पटावरील नाव हाच वयाचा सर्वांत भरवशाचा पुरावा होय.