सारांश करणारे यंत्र

उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहिण्याचा सराव विद्यार्थी शाळेत करतात. हेच काम यंत्राकडून कसे करवून घ्यावे, हे हान्स पीटर लून यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दाखविले. लून हे जन्माने जर्मन, अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीत ते संशोधन करीत. यंत्रास अर्थ कळत नाही, मोजणी मात्र उत्तम येते. म्हणून अर्थाचे काम मोजणीवर सोपवावे, ही त्यांची युक्ती होय.

समजा, पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या धरणावरील एक लेख यंत्रास दिला. हे धरण टाटांच्या कंपनीने बांधले. त्याचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे नेऊन वीज निर्माण करावयाची व ती मुंबईस पुरवावयाची, अशी ही योजना होती. लेखातील 'आणि', 'हा', 'आहे' असे सर्वत्र आढळणारे शब्द यंत्र प्रथम गाळते. उरलेल्यांपैकी 'धरण', 'पाणी', 'वीज' असे वारंवार येणारे शब्द ते महत्त्वाचे मानते. असे शब्द एखाद्या वाक्यात जवळजवळ आले, की त्या वाक्यास अधिक गुण. सलग पाच शब्दांच्या पट्ट्यात महत्त्वाचे तीन असतील, तर तिनाचा वर्ग नऊ; त्यास पाचाने भागून १.८ गुण मिळतात. सर्वाधिक गुणांची वाक्ये मूळ क्रमाने मांडली, की सारांश तयार!

मराठीत मात्र मोजणीच अडखळते. 'धरण', 'धरणाचे', 'धरणामुळे' हे यंत्राच्या दृष्टीने तीन निराळे शब्द ठरतात. प्रत्यय तोडावेत, तर 'पाण्याचे' मधून 'पाण्या' उरते आणि ते 'पाणी'शी जुळत नाही. सामान्यरूपांचे नियम यंत्रास निराळे द्यावे लागतात. आंधळेपणाने 'ला' तोडणारे यंत्र 'किल्ला' या शब्दाचाही 'किल्' करून ठेवते. वाक्य कोठे संपले हेही सहज कळत नाही, कारण 'पां. म. बापट' या नावातच दोन पूर्णविराम आहेत.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. या धरणाखाली मावळ्यांची शेते व गावे बुडणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह आरंभिला; पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यामुळेच. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झालेच. आता लेखात अशी तीन वाक्ये असावीत: 'कंपनीने धरणाचे काम हाती घेतले. शेतकऱ्यांची संमती नव्हती. त्यांनी धरणाच्या कामास विरोध केला.' मधल्या वाक्यात वारंवार येणारा एकही शब्द नाही. यंत्र ते गाळील. पहिले व तिसरे शेजारी येतील आणि धरणास कंपनीनेच विरोध केला, असा अर्थ निघेल. एकही शब्द न बदलता इतिहास उलटा झाला!

यावर उपाय शोधले गेले. १९६९ साली एच. पी. एडमंडसन यांनी शीर्षकातील शब्द, वाक्याचे स्थान आणि 'म्हणून', 'तात्पर्य' यांसारखे सूचक शब्द यांनाही गुण देण्याची पद्धत मांडली. 'त्यांनी' ने आरंभ होणारे वाक्य एकटे उचलू नये, असाही नियम घालता येतो. अलीकडची यंत्रे तर अफाट मजकुरावरून भाषेची घडण शिकून स्वतःच नवी वाक्ये रचतात. त्यांचे मराठी पुष्कळदा सफाईदार असते. परंतु मुळात नसलेली गोष्टही ती तितक्याच सफाईने लिहून जातात. त्यामुळे असे साधन तयार करणाऱ्यांनी त्याचे सारांश मूळ लेखाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते: कोणी केले, कोणास केले, आणि 'नाही' कोठे निसटले.