पडदा तिथे, हात इथे

महाभारतातल्या संजयाला हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र दिसत होते; पण रणांगणावरचा एक बाणही त्याला इकडचा तिकडे करता आला नसता. संगणकाने त्याच्यापुढे एक पाऊल टाकले आहे. वाशीमच्या वसतिगृहात बसून मानोरा तालुक्यातल्या घरचा संगणक नुसता पाहता येतो असे नाही, त्यावर माऊस फिरवता येतो, अर्ज भरता येतो, बिघडलेला प्रिंटर पुन्हा जोडून देता येतो. या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. ती सुरळीत चालते तेव्हा तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नसते. ती चालत नाही तेव्हा काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा कुठलेही गाव घ्या, घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हाच त्या घरचा संगणकतज्ज्ञ ठरलेला असतो. मग त्याचा विषय मराठी वाङ्मय असो की इतिहास. धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची किंवा पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, कागदपत्रे घरच्या संगणकात असतात आणि वडील फोनवर सांगतात, "काहीच दिसून नाही राहिलं." या चार शब्दांत निदान पाच निरनिराळे बिघाड लपलेले असू शकतात.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. दुसऱ्याच्या संगणकात दुरून प्रवेश करणे ही एक गोष्ट आणि त्याचा पडदा त्याच्याबरोबर वाटून घेणे ही दुसरी. विंडोजमध्ये अंगभूत असलेले 'रिमोट डेस्कटॉप' पहिल्या जातीचे आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर ते आणले. आपण त्यातून आत शिरलो की तिथला पडदा कुलूपबंद होतो आणि समोर बसलेल्या वडिलांना काहीच दिसत नाही. शिवाय विंडोजची 'होम' आवृत्ती अशा पाहुण्याला आत घेतच नाही. ती सोय 'प्रो'सारख्या आवृत्त्यांतच असते. घरोघरी बहुधा 'होम' असते, आणि मुले सेटिंग्जमध्ये नसलेले बटण तासन्‌तास शोधत बसतात. आत शिरताना पासवर्डही खराखुरा लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज मुळातच नकार देते, आणि संगणक उघडताना वापरतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही.

पडदा वाटून घेण्याची पद्धत निराळी. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हीएनसी तयार झाले. तिथला पडदा जसाच्या तसा चित्ररूपाने इकडे आणायचा आणि इकडची माऊसची हालचाल तिकडे पाठवायची, ही त्यातली कल्पना. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क, विंडोजचे 'क्विक असिस्ट' ही मंडळी याच वळणाची. घरच्यांना शेजारी बसवून शिकवल्यासारखे काम करायचे असेल तर हीच पद्धत हवी.

आता बिघाडांकडे वळू. आपल्याकडे जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याचा इंटरनेटशी वरवर पाहता काही संबंध नाही. तो म्हणजे संगणकाची तारीख. डेस्कटॉप संगणकाच्या आत, मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असा क्रमांक असतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. पाच-सात वर्षांनी ती संपते. भिंतीवरचे बटण सुरू असेपर्यंत काही कळत नाही, पण वीज गेली किंवा बटण बंद केले की घड्याळ मागे जाते आणि संगणक उघडल्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. घरी कोणी तिकडे लक्ष देत नाही. तारखेवाचून कुणाचे अडते? पण इंटरनेटवरचे सुरक्षित संभाषण प्रमाणपत्रांवर चालते आणि प्रत्येक प्रमाणपत्राला अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. २०१० सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचे आहे असे वाटते. तो जोडणी नाकारतो, आणि पडद्यावर येतो तो इंग्रजीतला मोघम संदेश, की संपर्क होऊ शकला नाही. मग राउटर बंद-सुरू केला जातो, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला जातो, कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारावा : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात आज कोणती तारीख आहे? चुकीची असेल तर ती हाताने दुरुस्त करून त्या दिवसापुरते काम भागते. पुढच्या वेळी घरी जाताना नवी बॅटरी खिशात न्यावी.

तारीख बरोबर असेल तर पुढचा प्रश्न वाटेचा. पुष्कळांना वाटते, घरच्या संगणकाचा १९२.१६८.१.५ असा पत्ता मिळाला की काम झाले. पण तो पत्ता म्हणजे वसतिगृहातल्या खोलीचा क्रमांक आहे. 'खोली क्रमांक ५' एवढेच लिहून पुण्याहून पत्र टाकले तर पोस्टमनने ते कुठे न्यावे? तसा क्रमांक लाखो घरांत असतो; त्या घरातल्या राउटरबाहेर त्याला अर्थ नाही. घरातल्या घरातही तो कायमचा नसतो. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की कालचा ५ आज ७ होऊ शकतो. मोबाईलच्या जाळ्यात तर अनेक ग्राहक मिळून एकाच बाहेरच्या पत्त्यावर राहतात, म्हणजे चाळीचे दारही सामाईक. यावरचा उपाय म्हणून राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. अशी उघडी दारे शोधत आणि पासवर्डांचे अंदाज बांधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात.

एनीडेस्कसारखे प्रोग्राम ही अडचण मध्यस्थामार्फत सोडवतात. दोन्ही संगणक आपण होऊन कंपनीच्या मधल्या संगणकाला हाक मारतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. त्यामुळे घरच्यांना विचारायचे ते इतकेच : प्रोग्राम उघडल्यावर नऊ-दहा आकडी क्रमांक दिसतो का? दिसत नसेल तर दोष तिकडच्या इंटरनेटचा, तारखेचा किंवा फायरवॉलचा. क्रमांक दिसतो, आणि तरी आपल्याकडे नुसते वाट पाहणे चालू आहे, असे असेल तर परवानगी मागणारी चौकट तिकडे दुसऱ्या खिडकीच्या मागे दडलेली असण्याची शक्यता फार. 'क्विक असिस्ट'मध्ये उलटा क्रम असतो. तिथे मदत करणारा संकेत देतो आणि मदत घेणारा तो टाकतो; तो संकेत थोड्याच मिनिटांत शिळा होतो.

जोडणी झाली, पण पडदा काळा दिसतो, ही पुढची तक्रार. संगणक झोपी गेला असेल तर त्याला दुरून उठवणे सहसा जमत नाही. झोपेची वेळ आधीच वाढवून ठेवावी. एखादा प्रोग्राम बसवताना मधेच पडदा काळा पडला किंवा थिजला, तर बहुधा विंडोजने 'बदल करू द्यायचा का?' असा प्रश्न विचारला आहे. तो प्रश्न काही प्रोग्रामांत पाहुण्याला दिसत नाही. उत्तर घरच्यालाच द्यावे लागते. उबुंटू असेल तर लॉगिनच्या वेळी 'वेलंड' ऐवजी 'एक्स-ऑर्ग' निवडता येत असल्यास ते करून पाहावे. काही प्रोग्रामांचे वेलंडशी जमत नाही.

संथपणाबद्दल थोडे. चित्र घरून आपल्याकडे येते, म्हणून घरच्या इंटरनेटचा वर पाठवण्याचा वेग महत्त्वाचा. आपल्याकडचा कितीही असला तरी उपयोग थोडा. रंगांची प्रत कमी केली की काम हलते. मराठी टंकलेखनात मात्र काही वेळा गंमत होते : दोन्हीकडे मराठी कळफलक निवडलेला असला तर 'क' च्या जागी भलतेच अक्षर उमटते. आपला कळफलक इंग्रजीवर ठेवून तिथला मराठीवर न्यावा.

हे सगळे जमले की एक गोष्ट उरते, आणि ती बिघाडापेक्षा मोठी आहे. मुलाला घरचा अर्ज भरू देणारी हीच सोय अनोळखी माणसाला घरचे बँक खाते उघडून देते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. भामटा फोनवर ॲप घ्यायला लावतो, त्यातला क्रमांक विचारतो, परवानगी द्यायला सांगतो आणि मग यूपीआयने पैसे काढतो. यात प्रोग्राम काही बिघडलेला नसतो. तो सांगितलेलेच करतो. वडिलांना प्रोग्रामांची नावे पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. त्यांना एवढे सांगावे की फोन आपण केला असेल तरच क्रमांक द्यायचा. समोरून आलेल्या फोनवर, तो बँकेच्या नावाने असो की वीज कंपनीच्या, द्यायचा नाही. काम झाल्यावर प्रोग्राम बंद करावा, आणि विनापरवानगी आत येण्यासाठी पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढावा. आणि अनोळखी हात पडद्यावर फिरताना दिसलाच, तर त्याच्याशी वाद घालत न बसता आधी राउटरची वायर उपटावी, फोनवर असेल तर फोन बंद करावा, आणि लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या क्रमांकावर कळवावे.